भिंतीजवळचं गाणं कुणाचं?

‘फ्यूजन’ हा शब्द कानावर पडला की मी सावध होतो. दोघांचा माल एका गाठोड्यात बांधला की गाठोडं उचलून नेणारा बहुतेक वेळा तिसराच असतो. हे कष्टकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. लोकसंगीत अधिक जॅझ, प्रवेश विनामूल्य, सर्वांना आमंत्रण. पत्रकात सगळं गोड दिसतं. आणि समीक्षक ‘संगीताला सीमा नसतात’ असं लिहून मोकळे होतात. सीमा नसतात म्हणे! मी ज्या गाण्याबद्दल लिहितोय ते जिथं झालं तिथं सीमा होती, पोलादाची होती, आणि तिच्यावर बंदूकवाला पहारा होता.

मेक्सिकोचं तिहुआना आणि अमेरिकेचं सॅन दिएगो ही शेजारशेजारची शहरं. मधली भिंत थेट पॅसिफिक समुद्रात उतरते. तिथं 1971 मध्ये अमेरिकेनं मैत्रीच्या नावानं एक बाग उघडली. नाव मैत्री, आणि मधोमध तार. पुढं तारेची भिंत झाली, मग दुहेरी झाली, मग तिच्यावर इतकी बारीक जाळी बसवली की मायलेकींनी एकमेकींना भेटायचं ते फक्त बोटांच्या टोकांनी. या जागी 2008 पासून होर्हे फ्रान्सिस्को कास्तियो या ग्रंथपालाची नोकरी केलेल्या वादकानं ‘फांदांगो फ्रोन्तेरीसो’ सुरू केलं. म्हंजे सरहद्दीवरचा फांदांगो. वर्षातून एकदा दोन्ही बाजूंनी वादक जमायचे आणि भिंत मधे ठेवून एकच गाणं एकाच वेळी वाजवायचे. तिकीट नाही, निमंत्रितांच्या खुर्च्या नाहीत.

2018 च्या मे महिन्यात तिथं आर्तुरो ओफॅरिल आपल्या आफ्रो लॅटिन जॅझ ऑर्केस्ट्राची माणसं घेऊन गेला. हा पियानोवाला 1960 साली मेक्सिको सिटीत जन्मला. बाप चिको ओफॅरिल, क्यूबाचा मोठा संगीतकार. त्या वाजवण्यातून त्याच वर्षी ‘फांदांगो अॅट द वॉल’ ही रेकॉर्ड आली आणि 2020 मध्ये त्याच नावाची फिल्म. मी रेकॉर्ड ऐकली, फिल्म पाहिली. संशय घेऊनच बसलो होतो. तो पुरता गेला नाही. पण त्यात जे खरं आहे त्याच्याकडे पाठ फिरवणं म्हंजे आपल्याच माणसाला ओळख न देणं.

आधी हे संगीत काय आहे ते बघू. त्याचं नाव सोन हारोचो. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरचा वेराक्रूझ हा त्याचा मुलूख. हाराना हे त्याचं मुख्य वाद्य. लहानशा गिटारीसारखं, पण लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेलं. मेलेल्या गाढवाचा किंवा घोड्याचा जबडा वाळवतात आणि त्याचे सैल दात खुळखुळवतात, तेही वाद्यच. आणि सगळ्यांच्या मधोमध तारीमा, म्हंजे लाकडी चौथरा. त्यावर बाया-बापे चढतात आणि पायातल्या जोड्यांनी ताल ठोकतात. नाच हाच ढोल. फांदांगो म्हंजे या चौथऱ्याभोवती जमलेली वस्ती. तिथं प्रेक्षक असा वेगळा नसतोच. ज्याला नीट येत नाही तो मागच्या कड्यात उभा राहून शिकतो. रात्र चढत जाते, कडव्याला कडवं भिडतं.

आता या संगीताचा जन्मदाखला बघा. वेराक्रूझ हे गुलाम उतरवण्याचं बंदर. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं, जमीन हिसकावलेले आदिवासी आणि स्पेनहून आलेली तारवाद्यं यांच्या घासाघाशीतून हे संगीत झालं. ‘चुचुंबे’ नावाच्या नाचगाण्यावर 1766 मध्ये तिथल्या धर्मन्यायालयानं बंदी घातली. कारण काय? अश्लील, धर्माची टवाळी करणारं, हलक्या लोकांचं. हलक्या लोकांच्या कंबरेची धर्माला नेहमीच फार काळजी!

बंदीनं हे संगीत मेलं नाही. मग दुसरी युक्ती झाली, ती म्हंजे इस्त्री. विसाव्या शतकात या संगीताला पांढरेशुभ्र कपडे घालून रंगमंचावर आणि सिनेमात उभं केलं. 1946 मध्ये मिगेल आलेमान हा वेराक्रूझचा पुढारी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा ‘ला बांबा’ त्याच्या प्रचाराचं गाणं झालं. 1958 मध्ये तेच गाणं अमेरिकेत रॉक होऊन गाजलं. गाणारा पोरगा सतरा वर्षांचा, कष्टकरी मेक्सिकन घरातला. त्याचं नाव रिचर्ड व्हालेन्सुएला. बाजारात चालावं म्हणून ते कापून रिची व्हॅलेन्स केलं. गाणं जगभर गेलं. चौथरा मागं राहिला आणि पोराच्या आडनावाची शेपूटही मागं राहिली. ‘मिलाफ’ या शब्दाचा हा एक अर्थ, लक्षात ठेवण्यासारखा.

चौथरा पुन्हा मधोमध आणला तो 1977 मध्ये निघालेल्या ‘मोनो ब्लांको’ या गटानं आणि त्यामागून आलेल्या तरुणांच्या चळवळीनं. त्यांनी गावोगाव जाऊन म्हातारे वादक शोधले. त्यातला एक आर्कादियो इदाल्गो, शेतात राबलेला काळा गायक. त्याचा नातू पात्रिसियो इदाल्गो या भिंतीजवळच्या गाण्यात आहे. म्हणून तिथं जे आलं ते दुकानात मिळणारं ‘लोकसंगीत’ नव्हतं, लढून परत मिळवलेलं होतं.

आणि जॅझ? तो तरी परका पाहुणा कुठं आहे? वेराक्रूझ आणि न्यू ऑर्लीन्स ही एकाच आखातावरची दोन बंदरं. दोन्हीकडे बोटीतून उतरलेली माणसं बेडीतली. न्यू ऑर्लीन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलाम रविवारी जमून ढोल वाजवायचे, नाचायचे. 1884-85 मध्ये त्याच शहरात कापसाचं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यात मेक्सिकोच्या घोडदळाचा बँड आला आणि शहर त्याच्यामागं वेडं झालं. टिओ हे काळं कुटुंब रंगाच्या जुलमाला कंटाळून न्यू ऑर्लीन्स सोडून मेक्सिकोत गेलं होतं. ते परतलं आणि त्यातल्या लोरेन्सो टिओनं जॅझच्या पहिल्या पिढीला क्लॅरिनेट शिकवलं. कापसाशी आपलाही संबंध आहे म्हणून सांगतो : कापूस पिकवणाऱ्या गुलामांची नातवंडं एका बाजूला आणि त्याच आखाताच्या दुसऱ्या काठावरचे त्यांचे भाऊबंद दुसऱ्या बाजूला, असं हे नातं आहे. भिंत नंतरची, नातं आधीचं.

रेकॉर्डमध्ये हे नातं जिथं ऐकू येतं तिथं ती मोठी आहे. सोन हारोचोचा ताल बहुतेक वेळा सहा मात्रांचा. कधी तो तीन-तीन असा चालतो, कधी दोन-दोन-दोन, आणि पुष्कळदा दोन्ही एकदम. साच्यावर काम करणाऱ्याला हे चटकन कळतं. शेजारचे दोन साचे वेगळ्या चालीनं चालायला लागले की कानात तिसराच ताल उभा राहतो. ऑर्केस्ट्रा जेव्हा थांबतो, हारानाला आधी बोलू देतो आणि मग त्या तिसऱ्या तालात हळूच पाय ठेवतो, तेव्हा अंगावर काटा येतो. जॅझमध्ये एकजण पुढं येऊन आपलं म्हणणं मांडतो आणि बाकीचे त्याला सांभाळतात. फांदांगोत सगळे कड्यात असतात आणि म्हणणं फिरत राहतं. या दोन रीती तिथं एकमेकींना शिकवतात.

पण सगळीकडे असं होत नाही. ऑर्केस्ट्रा म्हंजे पितळेची फौज. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन एकदम सुटले की हाराना बिचारी तळाशी जाते. चौथऱ्यावरचे पाय ऐकू येत नाहीत. तेवढा वेळ मी टाळ्या राखून ठेवतो. जोरात वाजणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणून दबलेला आवाज वर येत नाही. समतेला आवाजाची पातळीसुद्धा लागते.

दुसरी गोष्ट नावांची. 2022 मध्ये याच कामाची न्यूयॉर्कमधली रेकॉर्ड निघाली आणि 2023 मध्ये तिला लॅटिन जॅझचं ग्रॅमी मिळालं. कव्हरवर आधी ओफॅरिल, मग ऑर्केस्ट्रा आणि शेवटी ‘सहभाग’ म्हणून सोन हारोचोच्या वादकांचा गट. गटाचं नाव तरी आहे, हे मी नाकारत नाही. व्हालेन्सुएलाच्या वेळेपेक्षा हे पुढचं पाऊल आहे. पण ज्यांच्या गाण्यावर इमला उभा राहिला ते त्याच इमल्यात ‘सहभागी’ ठरतात, हा क्रम दैवानं लिहिलेला नाही. माणसांनी लावलाय, माणसांना बदलता येतो.

कुणी म्हणेल, गाण्यानं काय झालं? भिंत तर तशीच. खरं आहे. तशीच नव्हे, वाढली. 2020 मध्ये अमेरिकेच्या बाजूची बाग लोकांना बंद झाली आणि 2023 मध्ये तिथं तीस फुटी नव्या भिंतीचं काम काढलं. गाण्यानं भिंत पडते असं मी कधीच मानलं नाही. गाणं दुसरं काम करतं. ते साक्ष ठेवतं. मेक्सिकोनं आपल्या काळ्या माणसांना 2019 मध्ये राज्यघटनेत नाव दिलं आणि 2020 च्या जनगणनेत पहिल्यांदा मोजलं. पंचवीस लाखांहून जास्त भरली. तोवर जनगणनेत ती नव्हतीच. पण तारीमावर होती. जनगणनेच्या आधी अडीचशे वर्षं बंदीच्या हुकमातसुद्धा होती! मोजणीत नाव नसणं म्हंजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोस्तहो, ‘विनामूल्य’ या शब्दावर भाळू नका आणि त्याला नुसतं हसूही नका. कास्तियोचा फांदांगो विनामूल्य होता, कारण वस्तीच्या एकत्र येण्यावर तिकीट लावता येत नाही. कंपनीचा जलसाही विनामूल्य असू शकतो, तिथं विकला जाणारा माल वेगळा असतो, इतकंच. म्हणून दारावर पैसे घेतात का, हे विचारून थांबायचं नाही. चौथरा कुठं ठेवलाय ते बघायचं. मधोमध आहे की कोपऱ्यात? आणि ज्याला अजून नीट येत नाही अशा पोराला त्या कड्यात उभं राहायला जागा आहे का? असेल तर हाराना नसली तरी चालेल, आपण आपलं वाद्य घेऊन जाऊ.