‘सासामेयुकी’तील वसंतयात्रा

जुनिचिरो तानिझाकी (१८८६–१९६५) यांच्या ‘सासामेयुकी’ या कादंबरीत एकच प्रवास वर्षानुवर्षे घडतो. ओसाकाच्या माकिओका या उतरती कळा लागलेल्या व्यापारी घराण्यातील बहिणी साकुरा फुलली की क्योतोस जातात, ठरलेली स्थळे ठरलेल्या क्रमाने पाहतात आणि घरी परततात. ही कादंबरी आम्ही एडवर्ड सायडनस्टिकर यांच्या १९५७ सालच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. प्रथम वाचनी हा प्रवास आम्हांस केवळ स्थळवर्णनाची हौस वाटला. दुसऱ्या वाचनी तोच कथेचा कणा आहे, हे ध्यानी आले.

या यात्रेचा क्रम पाहण्याजोगा आहे. शनिवारी दुपारी निघावयाचे. नान्झेन मंदिराजवळच्या एका जुन्या भोजनगृहात लवकर जेवून गिओनच्या नर्तकींचे वसंतनृत्य पाहावयाचे. परतताना दिव्यांच्या उजेडात गिओनची साकुरा. रात्री मुक्काम क्योतोत. दुसऱ्या दिवशी सागा व आराशियामा, हिरोसावा तळ्याकाठच्या नेहमीच्या झाडाखाली छायाचित्र, आणि सर्वांत शेवटी हेइआन देवालय. तेथील लोंबत्या फांद्यांची साकुरा सर्वांत सुंदर, म्हणून ती अखेरपर्यंत राखून ठेवलेली. आत पाऊल टाकण्यापूर्वी दर वर्षी तीच धाकधूक असते: बहर उतरून तर गेला नसेल ना? आणि फुले दिसताच तोच आनंदाचा उद्गार.

यातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हेइआन देवालय प्राचीन नाही. क्योतो राजधानी झाल्यास अकराशे वर्षे झाली, त्या निमित्ताने ते १८९५ साली उभारले गेले. म्हणजे कादंबरीतील पहिल्या यात्रेच्या वेळी, १९३७ साली, त्याचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते. तरीही या बहिणींच्या लेखी ते परंपरेचे शिखर आहे. स्थळ जुने होते ते दगडामातीच्या वयाने नव्हे, पुन्हा पुन्हा येणाऱ्यांच्या पावलांनी, असेच जणू लेखकास सुचवावयाचे आहे.

दुसरी बहीण साचिको ही या यात्रेचे मन आहे. साकुरा गळते म्हणून हळहळणारे जुने कवी तरुणपणी तिला केवळ रूढी पाळणारे वाटत; वय वाढले तसे त्यांचे दुःख तिला कळू लागले. मात्र तिची खरी हुरहूर फुलांसाठी नाही. फुले पुढल्या वर्षी येतीलच. पण तिसरी बहीण युकिको तेव्हा सोबत असेल का? युकिकोचे लग्न जमावे म्हणून सारे घर खटपट करीत आहे, आणि ते जमले तर ही यात्रा अपुरी होणार आहे. हाच विचार गेल्या वर्षी आला होता, त्याच्या आदल्या वर्षीही आला होता. ज्याची इच्छा करावयाची त्याचीच भीती बाळगावयाची, हे घरोघरचे दुःख इतक्या हलक्या हाताने रंगविलेले आम्ही क्वचितच वाचले आहे.

आता या कादंबरीचे प्राक्तन पाहा. १९४३ च्या जानेवारी व मार्चमध्ये ‘चुओ कोरोन’ मासिकात दोन हप्ते छापले गेले आणि युद्धकाळास न शोभणारे लेखन म्हणून पुढील प्रकाशन थांबविण्यात आले. १९४४ साली पहिला भाग लेखकाने खाजगीरीत्या छापून स्नेह्यांना दिला. संपूर्ण कादंबरी १९४८ साली पुरी झाली. किमोनो, विवाहाच्या वाटाघाटी आणि फुले यांत लष्करास भिण्याजोगे काय होते? आमच्या मते उत्तर साकुराच्याच ठायी आहे. १९४४ च्या ऑक्टोबरात आत्मघाती वैमानिकांची पहिली पथके उभी राहिली, त्यांची नावे अठराव्या शतकातील पंडित मोतोओरी नोरिनागा यांच्या एका कवितेतून घेतली होती. त्यांपैकी एक ‘यामाझाकुरा’, म्हणजे रानातील साकुरा. १९४५ साली वैमानिकास परत न आणणारे जे अग्निबाणविमान वापरले गेले, त्याचे नावच ‘ओका’, साकुरेचे फूल. फुलाचा गौरव त्याच्या गळण्यात आहे, हा धडा राज्य देत होते. तानिझाकींच्या पानांत मात्र तेच फूल पुन्हा फुलण्यासाठी आहे, आणि ते पाहावयास माणसे जिवंत असली पाहिजेत. लेखकाने निषेधाचा शब्दही लिहिला नाही. पण दर वर्षी परत येणाऱ्या फुलाची ही कथा त्या धड्याच्या शेजारी ठेवता येत नव्हती.

तथापि उणीव सांगितली पाहिजे. ही यात्रा पैसेवाल्यांची आहे. १९३७ च्या जुलैपासून चीनमध्ये जे घडत होते, त्याची झळ या घरास बहुधा गैरसोयीच्या रूपानेच लागते. ज्यांच्या घरून माणसे युद्धावर गेली, त्यांचा वसंत कसा होता, हे लेखक विचारीत नाही. दुःखाकडे पाठ करून उभे राहिलेले सौंदर्य असा आक्षेप कोणी घेतला, तर तो आम्हांस समूळ खोडून काढता येत नाही. एवढेच म्हणता येते की, या सौंदर्यास आपण टिकणार नाही हे ठाऊक आहे.

म्हणूनच शेवट आम्हांस योग्य वाटतो. १९४१ च्या एप्रिलात युकिकोचे लग्न ठरते आणि ती तोकियोच्या गाडीत बसते. वर्षानुवर्षांची इच्छा फळास आली आहे. पण नववधूचे पोट बिघडले आहे आणि ते गाडीतही थांबत नाही. कादंबरी तेथेच संपते. कोठे मंगलवाद्य नाही, गळणाऱ्या पाकळ्याही नाहीत. पुढल्या चैत्रात हेइआन देवालयाची साकुरा फुलेल. तिच्याखाली कोण कोण उभे असेल, हे मोजण्याचे काम लेखकाने आपल्याकडे सोपविले आहे.