अक्षर म्हणजे नेमके किती?

आमच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या वर्णनात्मक नोंदी आता वहीत न लिहिता मोबाइलवरील एका ॲपमध्ये भरल्या जातात. प्रत्येक नोंदीसाठी १०० अक्षरांची मर्यादा आहे. चौकटीखाली एक छोटा आकडा पळत असतो. आमच्या एका सहकारी बाईंनी पाचवीतल्या एका मुलीबद्दल लिहिले : "गणित चांगले आहे. तिला भागाकार येत नाही असे नाही, मांडणीत घाई होते." आकडा ६६ वर थांबला. ॲपने काही तक्रार न करता नोंद घेतली. आठवड्याने मुलीचे वडील छापील प्रगतिपत्रक घेऊन आले. त्यात लिहिले होते : "गणित चांगले आहे. तिला भागाकार येत नाही". पुढे काहीच नाही. मुलगी घरी रडली होती, आणि बाईंचा आपल्या लिहिण्यावर विश्वास बसेना.

मर्यादा शंभराची, मजकूर सहासष्टचा, मग तो तुटला कुठे? आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उत्तर मिळाले तेव्हा वाटले की हा प्रश्न केवळ आमच्या शाळेचा नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने तो वर्गात न्यावा असा आहे. मोजमापाचा पहिलाच धडा त्यात आहे : मोजण्याआधी एकक ठरवा.

'अक्षर' मोजण्याची आपली एक जुनी रीत आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी ६ आणि चौथ्यात ४ अक्षरे येतात, हे आपण शिकवतो. या हिशोबात 'राष्ट्रीय' शब्दात तीनच अक्षरे : रा, ष्ट्री, य. जोडाक्षर कितीही मजल्यांचे असो, ते एकच. संगणकाला हे ठाऊक नसते. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत प्रत्येक व्यंजनाला, काना-वेलांटीला आणि हलन्ताच्या खुणेलाही स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे तोच शब्द र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र, वेलांटी, य असा ९ खुणांचा होतो. बहुतेक अँड्रॉइड ॲपमध्ये मर्यादा मोजताना देवनागरीसाठी हाच आकडा निघतो. आयफोनची ॲप ज्या स्विफ्ट भाषेत लिहितात, ती वाचकाला एकसंध दिसणारे गट मोजण्याचा प्रयत्न करते. पण जोडाक्षर अखंड धरावे हा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमाने 'राष्ट्रीय'चे पाच गट पडत : रा, ष्, ट्, री, य. आणि साठवणीच्या वेळी, यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट जागा घेते. म्हणजे २७ बाइट. एका शब्दाची लांबी ३, ५, ९ आणि २७, आणि चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर!

आमच्या नोंदीचे कोडे इथे सुटते. पडद्यावरचा आकडा खुणा मोजत होता. 'येत नाही' पर्यंत ३१ देवनागरी खुणा, सहा मोकळ्या जागा आणि एक पूर्णविराम आहेत. ३१ गुणिले ३ म्हणजे ९३, आणि मोकळी जागा व विराम यांचा प्रत्येकी एक बाइट मिळवून बरोबर १००. छापील नोंद जिथे तुटली तिथेच. पाठीमागच्या साठ्यातली 'शंभर'ची मर्यादा बाइटची होती, हा निष्कर्ष आम्हांला टाळता येत नाही. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा घोटाळा कधी दिसलाच नसता, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. 'महाराष्ट्र' रोमनमध्ये ११ अक्षरांचा, म्हणून ११ बाइटचा. देवनागरीत त्याच्या खुणा १० भरतात, म्हणजे एक कमीच, पण बाइट ३०. खुणा मोजल्या तर आपल्यावर अन्याय होत नाही. बाइट मोजून त्यांना अक्षरे म्हटले की होतो.

मर्यादा असूच नये असे आमचे म्हणणे नाही. मोबाइलवरच्या छोट्या संदेशाची, एसएमएसची, १६० अक्षरांची मर्यादा विचारपूर्वक आली. १९८५ साली जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टंकयंत्रावर साधी वाक्ये लिहून पाहिली आणि १६० पुरेत असे ठरवले. संदेशाला मिळणारी जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. प्रत्येक अक्षर ७ बिटांत बसवले की १६० अक्षरे होतात. पण देवनागरीच्या खुणेला तिथे १६ बिट लागतात आणि ११२० भागिले १६ म्हणजे ७०. संदेश मराठीत लिहिला की १६० चे ७० होतात ते असे. (पुढे हिंदीसारख्या भारतीय भाषांसाठी ७ बिटांची कोष्टके प्रमाणित झाली. पण फोनवर मराठी संदेश लिहिताना आजही सहसा सत्तरचीच गणती दिसते.) मर्यादा ठरवणाऱ्याने वाईट हेतूने काही केले नव्हते. त्याच्यासमोर जी वाक्ये होती ती मराठी नव्हती, इतकेच.

लिपीप्रमाणे मर्यादा बदलता येते याचेही उदाहरण आहे. ट्विटरने (आताचे एक्स) २०१७ साली १४० ची मर्यादा २८० केली, तेव्हा चिनी, जपानी व कोरियन लिपींना १४० च ठेवले, कारण त्यांच्या एका चिन्हात जास्त आशय मावतो. निर्णय पटो न पटो, कोणीतरी लिपीकडे पाहून विचार केला होता.

आमचा खरा राग मर्यादेवर नाही, मुकाट्याने कापण्यावर आहे. जागा संपली असेल तर तसे सांगावे. लिहिणाऱ्याला पुढे लिहू द्यावे, जास्तीचा भाग लाल दाखवावा आणि काय गाळायचे ते त्याच्यावर सोडावे. चौकटीतला आकडा आणि साठ्यातला आकडा एकाच एककात असावेत. आणि तोडणे अटळच असेल तर निदान अक्षराच्या मधून तोडू नये. देवनागरीत मात्रा ही शेवटी येणारी वेगळी खूण आहे. ती गळली की उरलेला शब्द तुटका दिसत नाही, वेगळाच पण धडधाकट दिसतो. मुलांना मोबाइलवर 'जोशी' लिहून एकदाच खोडायला सांगा. बहुतेक फोनवर वेलांटी जाऊन 'जोश' उरतो. 'काळे' आडनावाचा 'काळ' होतो. मुले हसतील. मग त्यांना विचारा की असे नाव परीक्षेच्या अर्जावर छापून आले तर चूक कोणाची धरतील?

त्या पालकांना बाईंनी मूळ नोंद दाखवली आणि ते समजून गेले. मुलीची समजूत काढायला मात्र दोन दिवस लागले. ॲप बनवणाऱ्यांना आम्ही वरचा सगळा हिशोब कळवला. महिन्याभरात उत्तर आले की मर्यादा २०० केली आहे. बाईंची नोंद १७० बाइटची आहे, त्यामुळे आता ती पूर्ण छापली जाते. पण चौकटीखालचा आकडाही आता २०० पर्यंत पळतो, आणि तो अजून खुणाच मोजतो आहे.