चालता रंगमंच मुका का झाला?

बेळगावात उन्हाळा आला हे आम्हाला पंचांगापेक्षा गल्लीतल्या ठोकाठोकीवरून कळते. परीक्षा संपलेल्या असतात. संध्याकाळी वळिवाचे ढग खानापूरच्या बाजूने चढू लागतात आणि एखाद्या रिकाम्या जागेत, ताडपत्रीच्या आडोशाला, बांबू, सुतळी, पोती आणि जुन्या प्लायवुडच्या फळ्या यांतून किल्ला उभा राहू लागतो. कुणाच्या तरी घरचा ट्रॅक्टर ठरलेला असतो. दाढी कुणाला शोभेल, घोडा कुठून आणायचा, जिरेटोप यंदा नवा करायचा की गेल्या वर्षीचाच रंगवून काढायचा, यावर कट्ट्यावर वाद चाललेले असतात. वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती होते आणि पुढच्या एका रात्री शहरातल्या गल्ल्यागल्ल्यांतून चित्ररथ निघतात. महाराष्ट्रात शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते, हे आम्हाला ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी आहे, हेही ठाऊक आहे. तरीही बेळगावने आपला वैशाख सोडला नाही. तिथीचा वाद इतिहासकारांनी सोडवावा. माझ्यासारख्या नाटकवेड्याला वैशाख सोयीचा वाटतो, कारण रात्रभर उघड्यावर नाटक बघायचे तर ते याच दिवसांत.

मी मुद्दाम ‘नाटक’ हा शब्द वापरला. चित्ररथांविषयी आपण भक्तीने बोलतो, अभिमानाने बोलतो, वाहतुकीच्या आणि पोलीस बंदोबस्ताच्या अंगाने बोलतो. नाट्यप्रयोग म्हणून मात्र त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. नाट्यस्पर्धेतल्या एकांकिकेवर आपण कॉलम लिहितो आणि तिला प्रेक्षक असतात दोन-तीनशे. ज्या प्रयोगाला अख्खे शहर आणि आसपासची खेडी रस्त्यावर बसून जागतात, त्याच्यावर टीकेचा एक परिच्छेदही लिहिला जात नाही. ही उपेक्षा आहे, आणि तिचे नुकसान त्या प्रयोगाला सोसावे लागले आहे, असे माझे मत आहे.

आधी या प्रकाराची बंधने लक्षात घेऊ. रंगमंच म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा ट्रकचा हौदा. तो चालता आहे. प्रेक्षक तीन बाजूंना, काही गच्चीवर, काही दुकानांच्या पायऱ्यांवर. रथ चौकात थांबला तर चार-पाच मिनिटे मिळतात, नाहीतर मागचा रथ हाकारे घालू लागतो. मग पुढच्या चौकात तोच प्रसंग पुन्हा, नव्या प्रेक्षकांपुढे. मारुती गल्लीत ज्याने अफझलखान मारला, त्याला तो खडेबाजारात पुन्हा मारायचा असतो आणि पहाटे कपिलेश्वराच्या बाजूला पोहोचेपर्यंत तो डझनभर वेळा मारून झालेला असतो. इतकी कठीण अट व्यावसायिक नटालाही कुणी घालणार नाही. ही अट गल्लीतली पोरे पाळतात. कुणी गवंडीकाम करतो, कुणी फाउंड्रीत जातो, कुणी कॉलेजात.

या बंधनांत कुठला प्रसंग टिकतो आणि कुठला पडतो, हे वर्षानुवर्षे पाहून माझे काही निष्कर्ष झाले आहेत. राज्याभिषेक सर्वांत जास्त वेळा दिसतो आणि सर्वांत कमी वेळा रंगतो. सिंहासन, छत्र, चवऱ्या, सारे नेत्रसुखद. पण त्यात घडत काहीच नाही. १६७४ च्या त्या दिवसामागे जी वर्षे आहेत, ती ट्रॉलीवर मावत नाहीत. ती ठाऊक असलेला माणूस हात जोडतो, ठाऊक नसलेला पुढच्या रथाकडे मान वळवतो. उलट १६५९ ची प्रतापगडाखालची भेट या रंगमंचासाठीच घडली असावी असे वाटते. दोन माणसे, एक मिठी, एक क्षण. शब्द कमी असले तरी चालते. शामियान्याचे चार खांब पुरतात. १६६३ च्या चैत्रातला लाल महालावरचा छापाही चांगला, कारण तो मुळात उन्हाळ्यातल्या रात्रीचाच प्रसंग. अंधार, गडबड, खिडकीतून पळणारा खान, हे सारे रस्त्यावरच्या अर्धवट उजेडात आपोआप खरे वाटते. पावनखिंड बहुधा बिघडते. बाजीप्रभूंच्या अंगावरच्या लाल रंगावर जेवढा खर्च होतो, तेवढा विचार ‘तोफांची वाट पाहणारा माणूस कसा उभा राहतो’ यावर होत नाही. त्या प्रसंगाचे नाट्य तलवारीत नसून कानात आहे. बाजी लढताना ऐकतो आहे, हे दाखवणारा नट मी आयुष्यात एकदाच पाहिला.

आणि आग्रा. १६६६ च्या सुटकेत विनोद आहे, धाकधूक आहे, पेटारे आहेत. याच प्रसंगात मी स्वतः एकदा होतो, म्हणून थोडे वैयक्तिक सांगतो.

मी तेव्हा नववीत होतो. आमच्या गल्लीच्या मंडळाने आग्र्याचा देखावा घेतला होता. पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजलेला आणि त्याचे पाय चेपणारा मदारी मेहतर म्हणजे मी. मला एकही वाक्य नव्हते. तशी वाक्ये कुणालाच नव्हती. माझ्या मामाने संहिता लिहिली होती, ती एका बऱ्या आवाजाच्या मास्तरांकडून कॅसेटवर भरून घेतली होती. आम्ही फक्त ओठ हलवायचे. त्या वर्षी कॅसेट हे मोठे कौतुक होते. त्याआधीच्या वर्षांत पोरे ओरडून बोलत आणि पहाटेपर्यंत सर्वांचे घसे बसत.

मध्यरात्रीनंतर वळीव आला. मोठा नव्हता, पण जनरेटर बंद पडायला पुरेसा होता. दिवे गेले, कॅसेट थांबली. दोन पेट्रोमॅक्स कुठून तरी आले. चौकातली माणसे छत्र्या आणि पोती डोक्यावर घेऊन तशीच बसून होती. त्यांना प्रसंग बघायचा होता आणि आमच्याकडे आवाज नव्हता. फुलादखानाचा पहारेकरी झालेला पोरगा शेजारच्या गल्लीतला, घरी कन्नड बोलणारा. तो क्षणभर इकडेतिकडे बघत राहिला आणि मग भाला पेटाऱ्यावर आपटून त्याने घरच्याच भाषेत दरडावले, ‘‘पेट्टिग्याग एनैती?’’ पेटाऱ्यात काय आहे? पेटारा उचलणारा आमचा दोस्त अजिबात न गडबडता म्हणाला, ‘‘कुंदा हाय की, कुंदा! खातोस काय?’’

चौक हसला. आग्र्यात बेळगावचा कुंदा! पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. पहारेकरी हसला नाही. त्याने भाल्याचे टोक पेटाऱ्याच्या झाकणाखाली घातले आणि झाकण हळूहळू उचलायला सुरुवात केली. हे कॅसेटवर नव्हते. पेटाऱ्यात महाराज झालेला पोरगा खरोखरच दडून बसला होता. चौकातला हशा थांबला. ज्यांना ही कथा पाठ होती, त्यांचाही श्वास अडकला. पलंगावरचा हिरोजी पांघरुणाखाली कण्हला, अगदी मोठ्याने, आणि मी, मुका मदारी, कुणी सांगितले नसताना म्हणालो, ‘‘हळू बोला, महाराजांना ताप हाय.’’ पहारेकऱ्याने पलंगाकडे पाहिले, भाला काढून घेतला. पेटारा गेला. टाळ्या अशा पडल्या की पावसाचा आवाज ऐकू येईना.

माझ्या आयुष्यातले ते एकमेव नाट्यपद. पुढच्या चौकात जनरेटर सुरू झाला, कॅसेट लागली आणि आम्ही पुन्हा ओठ हलवू लागलो. दुसऱ्या वर्षी मंडळाने वर्गणीतला मोठा भाग अधिक मोठ्या ध्वनियंत्रणेवर घातला. बक्षीस मिळाले होते की नाही ते आठवत नाही. तो पहारेकरी पोरगा मात्र त्यानंतर रथावर चढला नाही. ‘‘बोलायचंच नाही तर मला कशाला चढवूलेत?’’ असे तो म्हणाल्याचे आठवते. तेही मराठीत.

कुणी म्हणेल, ही पोरकट गंमत झाली. थोर पुरुषाच्या प्रसंगात कुंदा आणणे औचित्याला धरून नाही. आक्षेप खोटा नाही. उत्स्फूर्तता म्हणजे कला नव्हे आणि दर चौकात कुंदा म्हणायला लागले तर तोही कॅसेटसारखाच शिळा होईल. पण त्या तीन मिनिटांत जे घडले, ते त्या पोरांनी एकमेकांचे ऐकून केले होते. नाटकाची सुरुवात तिथून होते. कॅसेटवर कुणी कुणाचे ऐकत नाही.

त्या कॅसेटपासून आजच्या डॉल्बीच्या भिंतींपर्यंतचा रस्ता सरळ आहे. आज कित्येक रथांवर संवादही गल्लीतले राहिलेले नाहीत. चित्रपटांतले आणि मालिकांतले तयार संवाद आणि पार्श्वसंगीत वाजते. नेपथ्य सुधारले, यात शंका नाही. किल्ले भरीव दिसतात, वेशभूषा अभ्यासपूर्ण असते, पूर्वी मिसरूड फुटलेली पोरे जिजाबाई होत तिथे आता मुली स्वतः उभ्या राहतात, ही फार मोठी कमाई आहे. झांजपथके आणि लेझीम यांची शिस्त पाहण्यासारखी असते. परंतु त्या जिजाबाईच्या तोंडून निघणारा आवाज मुंबईच्या स्टुडिओतला असतो. आमच्या मुलीला आमच्या रस्त्यावर, आमच्या बोलीत, शिवबाशी बोलता येत नाही. आपल्या भाषेसाठी इतकी वर्षे झगडणाऱ्या गावाने वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री आपलाच आवाज बंद ठेवावा, याला काय म्हणावे?

या मातीला हे शोभत नाही, कारण इथल्या नाटकाची परंपरा आवाजाची आहे. १८४२ साली कर्नाटकातली कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली आणि त्यातून प्रेरणा घेऊन विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले. मराठी रंगभूमीचे पहिले पाऊल कन्नड खेळ पाहून पडले, हे आपण अभ्यासक्रमात वाचतो आणि विसरतो. ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गोकाककडच्या कुळगोडच्या तम्मण्णांचे श्रीकृष्ण पारिजात आजही याच जिल्ह्याचे लोकनाट्य म्हणून ओळखले जाते. त्यात नट गातो, भागवताशी हुज्जत घालतो, प्रेक्षकांकडे वळून बोलतो. अशा दोन परंपरांच्या सांध्यावर बसलेल्या गावाने ओठ हलवण्यावर समाधान मानावे, ही टीकेची बाब आहे.

प्रसंगांची निवडही तपासली पाहिजे. मी पाहिलेल्या रथांत एक प्रसंग मला कधी भेटला नाही, आणि तो तर आपल्या अंगणातला आहे. कर्नाटकाच्या मोहिमेवरून परतताना, १६७८ च्या सुमारास, मराठी फौजेने आजच्या बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीच्या गढीला वेढा घातला आणि तिथल्या देसाईणीने ती नेटाने लढवली. मराठी साधनांत तिचे नाव सावित्रीबाई येते, कन्नड परंपरेत मल्लम्मा. तिच्याशी गैरवर्तन करणाऱ्या आपल्याच सरदाराला महाराजांनी कठोर शासन केले आणि तिला सन्मानाने वागवले, असे परंपरा सांगते. धारवाडजवळच्या यादवाडला महाराजांचे एक जुने शिल्प आहे, त्यात त्यांच्या मांडीवर लहान मूल आहे. ते मल्लम्माने कोरवून घेतले अशी समजूत आहे. तपशिलांत मतभेद असतील. नाट्य म्हणून मात्र हा प्रसंग चालत्या रंगमंचाच्या सर्व अटींत बसतो. दोन माणसे आहेत, एक निर्णय आहे, आणि तो निर्णय आपल्याच माणसाविरुद्ध आहे. मल्लम्मा कन्नड बोलेल, महाराज मराठी बोलतील, आणि रस्त्यावर बसलेल्या एकाही माणसाला भाषांतर लागणार नाही. असा प्रेक्षक पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांना मिळणे अवघड. तो आपल्याला दर वैशाखात फुकट मिळतो.

मंडळांना माझी विनंती छोटी आहे. ध्वनियंत्रणा काढून टाका असे मी म्हणत नाही; गर्दी मोठी आहे, आवाज पोहोचायला हवा. पण तिच्यापुढे गल्लीतल्याच पोरा-पोरींना उभे करा. संहिता कट्ट्यावर बसून लिहा. चार मिनिटांचीच लिहा, पण आपल्या बोलीत लिहा. परीक्षकांनी नेपथ्याला गुण देतात तसे जिवंत उच्चारालाही द्यावेत. आणि शहरातल्या लिहित्या मंडळींनी त्या रात्री घरात न बसता चौकात बसावे, दुसऱ्या दिवशी कुठला बाजी ऐकत होता आणि कुठला नुसताच तलवार फिरवत होता, हे लिहावे. स्तुती खूप झाली. ज्या कलेला कुणी दोष दाखवत नाही, ती हळूहळू सजावट होऊन बसते.

परवा तो जुना पहारेकरी गणपत गल्लीत भेटला. केस पांढरे झालेत. बोलता बोलता मी आग्र्याची आठवण काढली. तो लगेच म्हणाला, ‘‘मी झाकण आणखी थोडं उचललं असतं की नाही, सांग बघू?’’ इतक्या वर्षांनी त्याच्या डोक्यात तो पेटारा अजून अर्धवट उघडाच होता. कॅसेटवरची वाक्ये काय होती, हे मात्र आम्हा दोघांनाही आठवले नाही.