टोपी न काढणारा फलंदाज

खेळाविषयीचा मजकूर दुसऱ्या दिवशी रद्दीत जावा, हा जगाचा रिवाज. जॉन अपडाइक या अमेरिकन कादंबरीकाराने एका बेसबॉल सामन्यावर लिहिलेला 'हब फॅन्स बिड किड अड्यू' हा लेख मात्र साठांहून अधिक वर्षे आवडीने वाचला जात आहे. २२ ऑक्टोबर १९६० च्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात तो प्रथम आला आणि १९६५ साली 'असॉर्टेड प्रोझ' या संग्रहात समाविष्ट झाला. शीर्षकातील 'हब' म्हणजे बोस्टन नगरी आणि 'किड' म्हणजे त्या नगरीच्या 'रेड सॉक्स' संघाचा फलंदाज टेड विल्यम्स. २८ सप्टेंबर १९६० रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, फेनवे पार्क या मैदानावर तो अखेरचा खेळला. आठव्या डावात त्याने चेंडू थेट सीमेपलीकडच्या कठड्याबाहेर धाडला. आयुष्यातील त्याचा हा ५२१ वा होम रन. लोक उभे राहून त्याला हाका मारीत राहिले. पण त्याने डोक्यावरची टोपी किंचितही उचलली नाही. खाली मान घालून तो धावत गेला आणि संघाच्या निवाऱ्यात दिसेनासा झाला. नवव्या डावात व्यवस्थापकाने त्याला पुन्हा क्षेत्रात पाठविले व लगेच परत बोलाविले, तेही लोकांना त्याचा निरोप घेता यावा म्हणूनच. त्याही वेळी त्याने मान वर केली नाही.

या लेखाचे खरे बळ त्यातल्या चाहत्यांत आहे, असे आम्हांला वाटते. त्या बुधवारी मैदानात अवघे १०,४५४ प्रेक्षक होते. एक तृतीयांश जागाही भरल्या नव्हत्या. आठ संघांत सातवा आलेला संघ, ढगाळ दुपार, हंगामातून मिळविण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही जी माणसे आली, त्यांच्यात अपडाइक जाऊन बसतो, आजूबाजूच्या बाकांवरचे बोलणे कान देऊन ऐकतो आणि ते जसेच्या तसे टिपून घेतो. कुणी थट्टा करतो, कुणी जुन्या सामन्यांच्या आठवणी काढतो, कुणी उगाच आपले ज्ञान पाजळतो. हंगाम संपत आला की चाहत्यांच्या बोलण्याला एक निराळीच खुमारी चढते. कोण थकला, कोणाचे काय चुकले, कोणाला क्षमा करावयाची, हे ठरविण्याचा अधिकार जणू त्यांच्याकडेच असतो. या न्यायसभेचे इतके जिवंत चित्र आमच्या वाचनात दुसरे नाही.

अपडाइकच्या भक्तीचे मूळ कशात आहे, तेही लेखात आले आहे. त्याचे बालपण बोस्टनपासून दूर, पेनसिल्व्हेनियात गेले. विल्यम्स त्याला भेटे तो मुख्यतः वर्तमानपत्रांत छापल्या जाणाऱ्या धावांच्या तक्त्यांतून. ज्यांनी आपल्या गावापासून हजार मैलांवर राहून तिकडची खबर छापील ओळींवरून काढली आहे, त्यांना हे प्रेम कसे जडते ते समजावून सांगावयास नको. लेखाला जोडलेल्या आकडेवारीच्या लांबलचक तळटीपा काही टीकाकारांना जड वाटतील. आम्हांला त्या प्रेमपत्रासारख्या वाटल्या. १९४१ चा हंगाम पाहा. शेवटच्या दिवशी विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती. तो घरी बसला असता तर ती .४०० म्हणूनच छापली गेली असती. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ वेळांत सहा यशस्वी फटके मारले आणि .४०६ वर थांबला. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये .४०० चा पल्ला कोणी गाठलेला नाही.

वार्धक्याचा भाग लेखात सर्वांत सरस उतरला आहे. अपडाइक या कारकिर्दीचे तारुण्य, प्रौढत्व आणि वय असे तीन टप्पे पाडतो आणि त्यांना जेसन, अकिलीस व नेस्टर ही ग्रीक नावे देतो. नावांचा हा थाट आम्हांला अनाठायी वाटतो. त्या माणसाची हकीकत मुळातच इतकी ठसठशीत आहे की तिला ग्रीक पोशाखाची गरज नव्हती. दोन युद्धांतील लष्करी सेवेत विल्यम्सची ऐन उमेदीची वर्षे गेली. १९५७ साली, एकोणचाळीस वर्षांचा होऊन, त्याने .३८८ ची सरासरी गाठली. १९५९ साली ती .२५४ पर्यंत घसरली आणि तो संपला असे सारेच म्हणू लागले. पुढच्याच वर्षी तो .३१६ वर परतला आणि मग थांबला. आम्हां सरकारी नोकरांची निवृत्तीची तारीख रुजू होतानाच सेवापुस्तकावरून निश्चित होते. नियत वयोमान कोणाशी हुज्जत घालीत नाही. खेळाडूला ती तारीख स्वतःच शोधावी लागते, आणि तीही हजारो लोक मोठ्याने मोजणी करीत असताना. विल्यम्सने ती अचूक शोधली. संघाचे न्यूयॉर्कमधील सामने बाकी होते. तिकडे तो गेलाच नाही.

आमचा मतभेद आहे तो गैरवर्तनाच्या बाबतीत. ७ ऑगस्ट १९५६ रोजी यांकीज संघाविरुद्ध त्याच्या हातून एक झेल निसटला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. थोड्याच वेळात त्याने दुसरा झेल उत्तम टिपला, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या. परत येताना तो त्यांच्या दिशेने थुंकला; पाच हजार डॉलर दंड झाला. १९५८ साली त्याने संतापाने भिरकावलेली फळी प्रेक्षकांतील एका वृद्ध स्त्रीला लागली. अपडाइक थुंकण्याचे प्रकरण थोड्या गमतीच्या सुरात उरकतो आणि बचाव असा मांडतो की, डाव्या क्षेत्रालगतच्या बाकांवर वर्षानुवर्षे पुष्कळ माणसे पैसे मोजून केवळ त्याला शिव्या देण्यासाठी येत असत. त्यात तथ्य आहे. महत्त्वाच्या सामन्यांत विल्यम्स ढेपाळतो, हा एका बोस्टनकर पत्रकाराचा आरोपही अपडाइक प्रामाणिकपणे उद्धृत करून मगच खोडून काढतो, हे मान्य केले पाहिजे. १९४६ च्या वर्ल्ड सीरीजमधील पंचवीस वेळांत पाच फटके ही नोंद कोणाला पुसता येणारी नव्हती.

परंतु शिव्या देणारे ते लोक निराळे आणि त्या ढगाळ बुधवारी आलेले १०,४५४ निराळे. हरलेल्या हंगामाच्या अखेरीस जे आले ते केवळ प्रेमाने आले होते. जुन्या निंदकांवरचा राग विल्यम्सने या निष्ठावंतांवर काढला, आणि अपडाइक त्याच्या त्या अबोल्याला देवत्वाची पायरी बहाल करतो. लेखातील हा भाग वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. तरीही विचार करता आम्हांला तो भक्ताने केलेला निवाडा वाटतो. देवाने भक्ताची दखल घेऊ नये, हे भक्ताला शोभून दिसत असेल. पण तिकीट काढून, काम बुडवून आलेल्या माणसाला एक टोपी उचलून दाखविणे हे देवपणाच्या आड येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जिम बूटन या गोलंदाजाचे 'बॉल फोर' हे १९७० चे पुस्तक आहे. त्यात १९६९ च्या हंगामाची रोजनिशी आहे आणि मिकी मँटल या लाडक्या खेळाडूचे मद्यपान, स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांच्या तोंडावर बसची खिडकी लावून घेणे, हेही आहे. बेसबॉलचे तत्कालीन कमिशनर बोवी कून इतके चिडले की त्यांनी बूटनला बोलावून जाब विचारला. चाहत्यांना हे पुस्तक झोंबले ते आतल्या माणसाने सांगितले म्हणून. आमच्या मते त्याचे मोल मँटलच्या भानगडींत नाही. स्वतः बूटनचा वेगवान चेंडू हरपलेला, तिशीतच केवळ हळू, डगमगत जाणाऱ्या 'नकलबॉल'वर तो दिवस काढतो आहे, या रोजच्या धास्तीत आहे. तेथे कोणी देव नाही, पण माणसाचे उतरते दिवस अपडाइकपेक्षा अधिक जवळून दिसतात. गद्याची श्रीमंती मात्र अपडाइककडेच राहते. बूटनचा मजकूर पुष्कळदा खोलीतल्या टवाळीपलीकडे जात नाही.

पुढे १२ मे १९९१ रोजी फेनवे पार्कवर विल्यम्सचा सत्कार झाला. तो तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. त्याने खिशातून रेड सॉक्सची टोपी काढली, डोक्यावर घातली आणि लोकांकडे पाहून उचलली. अपडाइकच्या लेखातले जे प्रेक्षक तोवर हयात होते, त्यांना ती एकतीस वर्षे उशिरा मिळाली.