खाऱ्या पाण्याची छोटी टाकी: आकृती जुनी, कॅलेंडर उसनं

घरी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी लावायची म्हणून तुम्ही नवशिक्यांसाठीची पुस्तकं, पत्रकं, व्हिडिओ बघायला लागलात, की एक आकृती हमखास भेटते. तीन गोल, दोन बाण. मासा अमोनिया सोडतो, नायट्रोसोमोनास नावाचा जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर त्याचं पुढे नायट्रेट करतो. खाली एक ओळ असते: चार ते सहा आठवडे थांबा, मग मासा सोडा.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यामुळे ही आकृती दिसली की थांबून बघतो. तिच्यामागचा हेतू चांगला आहे हे आधी सांगतो. 'पाणी भरलं, मीठ टाकलं, मासा सोडला' या घाईतून तिने पुष्कळ मासे वाचवले असणार. पण ती अर्धवट आहे, आणि तिच्या आधाराने दिलेला सल्ला आपल्याकडे नीट लागू पडत नाही.

आधी जिवाणूंचं बघू. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांचे फिल्टर तपासले. तिथे नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोबॅक्टर नाही, तर नायट्रोस्पायराचे भाईबंद करत होते. 2005 चा शोध तर थेट आपल्या विषयातला. सिअॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयात उष्ण कटिबंधातल्या समुद्री माशांची टाकी आहे. मार्टिन क्योनेके आणि सहकाऱ्यांनी तिच्या तळातून अमोनियावर जगणारा एक जीव वेगळा काढून वाढवला. तो जिवाणू नव्हताच, आर्किआ होता, म्हणजे सजीवांची एक वेगळीच शाखा. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. मग 2015 मध्ये दोन गटांनी दाखवलं, की काही नायट्रोस्पायरा अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. यातल्या एका गटाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता.

तुम्ही म्हणाल, नावं बदलली तर मला काय फरक पडतो? काम तर होतंय ना! बरोबर आहे, नावं पाठ करायची काहीच गरज नाही. पण 'दोन जिवाणू, दोन पायऱ्या, ठरलेले दिवस' असं चित्र डोक्यात बसलं, की सगळं रेसिपीसारखं वाटतं. एवढे दिवस शिजवा, उतरवा. प्रत्यक्षात तुमच्या टाकीत कोण आलंय, किती आलंय आणि किती वेगाने वाढतंय, हे टाकीगणिक बदलतं. हे जीव संथ असतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना साधारण एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. सुरुवात किती जणांपासून झाली यावर सगळा हिशेब अवलंबून.

आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. ते 'चार ते सहा आठवडे' कुठून आले? यातले बरेचसे सल्ले परदेशी छंदातून आलेत, आणि तिथे सुरुवात अनेकदा 'लाइव्ह रॉक'ने होते. लाइव्ह रॉक म्हणजे बहुतांशी जुन्या प्रवाळाचा सांगाडा, समुद्रातून सूक्ष्मजीवांसकट उचललेला. म्हणजे कामगार आधीच हजर! आपल्याकडे मात्र सगळे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून असो की आणखी कुठून, आपल्या समुद्रातला प्रवाळ, जिवंत किंवा मेलेला, उचलणं आणि विकणं गुन्हा आहे. म्हणून इथला नवशिका कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घेतो, आणि घ्यायलाही तोच हवा. पण त्यावर सुरुवातीला कामगार जवळजवळ नसतात. कॅलेंडर मात्र तेच उसनं. मराठी-हिंदी व्हिडिओंमध्ये 'लाइव्ह रॉक टाका' हे वाक्य जसंच्या तसं येतं आणि कायद्याचं नावही निघत नाही, ही मला साधी चूक वाटत नाही.

याची किंमत मासा मोजतो. टेस्ट किट साधारणपणे एकूण अमोनिया दाखवतं, पण जास्त विषारी असतो तो त्यातला मुक्त भाग. सामू 7 असलेल्या गोड्या पाण्यात हा भाग दोनशेत एकाच्या आसपास असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे 8.2, तिथे तोच भाग शंभरात सातच्या घरात जातो. म्हणजे किटवर आकडा तोच, धोका मात्र दहापटीहून जास्त. गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव इथे उलट फसवतो.

त्यात टाकी छोटी. 40 लिटरच्या टाकीतून मे महिन्यात 2 लिटर पाणी उडालं, तर मीठ मागेच राहतं आणि खारेपणा 35 वरून जवळपास 37 वर जातो. 400 लिटरच्या टाकीत तेवढंच पाणी उडालं तर फरक जेमतेम जाणवेल. 'छोटी टाकी, सोपी सुरुवात' हे म्हणूनच अर्धसत्य आहे. स्वस्त पडते हे खरं. पण चुकीला जागा कमी. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही, ही एक ओळ मला आकृतीपेक्षा मोलाची वाटते.

मग करायचं काय? कॅलेंडर बाजूला ठेवा आणि टाकीलाच विचारा. मासा न सोडता, लिटरला 1 ते 2 मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया मोजून घाला. चोवीस तासांनी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट वाढलं, आणि हे लागोपाठ दोन-तीनदा झालं, तर कामगार आलेत. मग थोडं पाणी बदला आणि एकच मासा सोडा, शक्यतो हॅचरीत वाढवलेला क्लाउनफिश. हे तीन आठवड्यांत होईल किंवा तीन महिन्यांत. दोन्ही ठीकच.

नवशिक्यांसाठीचा कोणताही सल्ला हाती आला, की तो दिवस मोजायला सांगतो की पाणी, आणि दगड कुठून आणायचा याबद्दल काय म्हणतो, हे आधी बघा. दिवस मोजायला सांगत असेल आणि दगडाबद्दल गप्प असेल, तर चित्रं कितीही सुंदर असोत, तो तुमच्या टाकीसाठी लिहिलेला नाही.