पदके, परीक्षक आणि होतकरू चित्रकार

उन्हाळ्याच्या सुटीत बोर्ली पंचतनच्या घरी गेलो असता एके सकाळी शेजारच्या वाडीतील एक तरुण काही कागद घेऊन मजकडे आला. मुंबईस राहून त्याने चित्रकलेची पदविका मिळविली आहे. आता तो गावी परतला असून दिवसा वडिलांबरोबर वाडीत राबतो आणि उरलेल्या वेळात पडवीत बसून चित्रे काढतो. त्याच्या हातातील कागद म्हणजे एका चित्रस्पर्धेचा अर्ज होता. त्या स्पर्धेत निवड होईल त्यास एका ‘रेसिडेन्सी’त, म्हणजे केवळ कामासाठी राखलेल्या निवासात, दोन महिने राहण्याची संधी मिळावयाची होती. चित्रांची छायाचित्रे त्याने तयार ठेविली होती. घोडे अडले होते ते एका रकान्यापाशी. ‘आपली कलाविषयक भूमिका इंग्रजीत विशद करावी,’ असे तेथे म्हटले होते. “सर, एवढे तुम्ही लिहून द्याल का?” असे त्याने संकोचाने विचारले.

चित्रे पाहिल्यावाचून भूमिका कशी लिहावी, म्हणून मी त्याच्या पडवीत गेलो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, हे वाचकांस स्मरत असेल. पोफळ पडली की केवळ सुपारी जात नाही. तिच्या आश्रयाने वाढणारे जायफळ, मिरीचे वेल, पानवेली, सारेच उघडे पडते. त्याच्या डझनभर चित्रांत हाच एक विषय होता. एका चित्रात कागदाचा तीन चतुर्थांश भाग कोराच ठेवून खालच्या कडेस खुंटांची एक ओळ काढलेली होती. दुसऱ्यात जायफळाच्या एका रोपावर झापांचा आडोसा केलेला, आणि त्या आडोशाची हातभर काळसर सावली एवढाच काय तो गडद रंग. “वादळानंतर आमच्या वाडीत सावलीच राहिली नाही. नसलेली सावली काढायची कशी, ते बघतोय,” असे तो म्हणाला. दोष नव्हते असे नाही. मनुष्याकृती त्याला साधत नाही. तांबूस मातीचा एकच रंग तो सर्वत्र वापरतो. आणि तीन-चार चित्रे तर पहिल्याच चित्राच्या पुनरावृत्ती होत्या. परंतु कोऱ्या कागदाला उन्हाची धग आणण्याची शक्ती त्याच्या हातात आहे, याविषयी मला शंका उरली नाही.

त्याचे ते एक वाक्य मी इंग्रजीत जसेच्या तसे उतरविले असते तर बरे झाले असते. परंतु तीस वर्षे इंग्रजी शिकविलेल्या माणसाची लेखणी तेवढ्यावर थांबत नाही. मी स्मृती, पर्यावरण, विस्थापन असे भारदस्त शब्द योजले; दोन परिच्छेद चांगले घोटीव लिहिले; आणि ते वाचून दाखविले तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “छान आहे, सर.” ते त्याचे नव्हते, हे आम्हा दोघांसही ठाऊक होते. दोन महिन्यांनी नकार आला. पत्र दोन ओळींचे होते. कारण दिलेले नव्हते. तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. नाकारले गेले ते काय? त्याची चित्रे, की माझे इंग्रजी? आणि निवड झाली असती, तर ती तरी कोणाची झाली असती?

या प्रश्नातून स्पर्धा आणि पदके यांचा धिक्कार करावा, असा माझा हेतू नाही. महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास पदकांच्या उल्लेखावाचून लिहिताच येणार नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ साली झाली. तिचे सुवर्णपदक १८९५ साली धुरंधरांना मिळाले, आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणारास अशा गौरवाने त्या काळच्या विद्यार्थ्याला केवढा आधार वाटे याची कल्पना येते. १८९६ साली गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच ‘मंदिरपथगामिनी’ घडविली, आणि एका शिल्पाने त्यांचे नाव प्रांताबाहेर गेले. पुढे १९४४ साली गव्हर्नरचे पारितोषिक मिळविणारे कृष्णाजी हौळाजी आरा हे एके काळी परक्यांच्या घरी नोकर म्हणून राबलेले गृहस्थ होते. १९४७ च्या वार्षिक प्रदर्शनात पारितोषिक मिळालेले हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत आले होते. ज्यांस कुळ, धन आणि ओळख यांचे पाठबळ नाही त्यांस चार लोकांच्या नजरेस आणणे, हे प्रदर्शनांचे मोठे कार्य होय.

मात्र या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. परीक्षकांच्या समोर होते ते चित्र किंवा शिल्प. ते भिंतीवर टांगलेले अथवा चौथऱ्यावर ठेविलेले होते, त्याच्यापुढे उभे राहून त्यांनी निर्णय दिला. तो निर्णय नेहमीच निर्दोष असे, असे कोण म्हणेल? गोऱ्यांच्या वर्चस्वाखालील संस्थेत आपल्या कलेस पुरेसा वाव नाही असे वाटल्यामुळेच हळदणकरप्रभृती हिंदी कलावंतांनी १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही वेगळी संस्था काढली. तथापि तो मतभेद चित्रांविषयीचा होता. चित्र समोर असले म्हणजे वाद घालता येतो. निर्णय चुकला तर चूक दाखविता येते.

या दृष्टीने अमृता शेरगिल यांची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १९३५ साली त्यांनी सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीकडे दहा चित्रे धाडिली. सोसायटीने पाच परत केली आणि ठेवून घेतलेल्यांपैकी एकास पारितोषिक दिले. शेरगिल यांनी ते पारितोषिकच परत केले. मानी स्वभावाचे कृत्य म्हणून याची गणना होते. मला त्यात टीकाबुद्धी दिसते. तुमची निवड मला मान्य नाही, हे त्या सांगू शकल्या, कारण कोणती चित्रे घेतली आणि कोणती टाकली हे उघड होते. दोनच वर्षांनी, १९३७ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्रास सुवर्णपदक दिले. पॅरिसमध्ये १८६३ साली नाकारलेल्या चित्रांचेच वेगळे प्रदर्शन भरविण्यात आले, तेव्हाही हेच घडले. लोक माने याच्या चित्रांना हसले, पण त्यांनी ती पाहिली; आणि कोण चुकले होते याचा निकाल पुढील पिढ्यांना लावता आला.

आजची स्थिती पाहावी. संधींची वाण नाही. दिल्लीची ललित कला अकादमी १९५४ पासून आहे. आपल्या राज्याचे कला संचालनालय विद्यार्थ्यांसाठी व व्यावसायिक कलावंतांसाठी राज्य कला प्रदर्शन भरविते. जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले, आणि तेथे भिंत मिळावी म्हणून चित्रकार वर्षेच्या वर्षे वाट पाहतात. कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाला जोडून विद्यार्थ्यांचे निराळे प्रदर्शन भरते. खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्या आणि कलानिवास तर मोजता येणार नाहीत इतके झाले आहेत. परंतु यांपैकी पुष्कळांच्या पहिल्या दारात चित्र नसते, तर चित्राचे छायाचित्र आणि त्याविषयीचा मजकूर असतो. आणि कलानिवासांच्या बाबतीत तो मजकूर बहुधा इंग्रजी असतो.

यावर असे म्हणतील की, हजारो मूळ चित्रे मागविणे व ती पाहणे कोणत्या संस्थेस परवडेल? शिवाय चौकट करून चित्र एस. टी. ने मुंबईस नेणे हा खर्च गरीब विद्यार्थ्यावरच पडत होता. छायाचित्राने तो वाचविला. हा युक्तिवाद खरा आहे. आजच्या पुष्कळ कलाकृतींना चार शब्दांची जोड आवश्यक असते, हेही मला मान्य आहे. पण मग ते शब्द कलावंताच्या भाषेत का नसावेत? झापाच्या सावलीविषयी बोर्लीचा मुलगा मराठीत जे बोलला ते माझ्या घोटीव परिच्छेदांहून अधिक नेमके होते. ते परीक्षकांपर्यंत पोहोचलेच नाही, आणि या अपराधात मीही भागीदार आहे. इंग्रजीचा रकाना दिसताच तो बदलण्याची मागणी करण्याऐवजी आम्ही सुशिक्षित लोक तो भरून देतो.

याच जिल्ह्यातील एक जुनी गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. अलिबागजवळ सासवणे येथे १८९१ साली जन्मलेल्या विनायक पांडुरंग करमरकर यांनी लहानपणी गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. तोच मुलगा पुढे कलकत्त्यास व लंडनला जाऊन आला, आणि पुण्याचा शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा १९२८ साली त्याने उभा केला. सासवण्याच्या त्यांच्या घरी त्यांची शिल्पे आजही पाहावयास मिळतात. करमरकरांनी कोठे अर्ज केला नव्हता. पाहणारा गावात आला होता.

अर्थात एखाद्या साहेबाच्या मर्जीवर कलावंतांचे भवितव्य सोडावे, असे कोणी सुचविणार नाही. रॉथफील्ड त्या वाटेने गेले नसते तर काय, हा प्रश्न आहेच. अशी किती देवळे आणि किती भिंती कोणीच पाहिल्या नसतील! आश्रयदात्याच्या लहरीपेक्षा स्पर्धा न्याय्य, हे उघड आहे. परंतु स्पर्धेने आश्रयदात्याकडून एक गोष्ट उचलावयास हवी होती. ती म्हणजे उठून जाऊन पाहणे.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रभाकर बरवे हेही याच किनाऱ्यावरचे, नागावचे. १९६१ च्या सुमारास ते विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले आणि काही वर्षे वाराणसीस राहिले. तेथील वास्तव्यात तांत्रिक प्रतिमांशी त्यांचा परिचय झाला आणि त्यांच्या चित्रांचे स्वरूपच पालटले. पुढे त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हा ग्रंथ लिहिला, तो मराठीत. त्या नोकरीस कोणी कलानिवास म्हटले नाही; पण पोटाची चिंता मिटवून, परक्या गावात, वर्षानुवर्षे पाहण्याची सोय तिने केली. फ्रान्सने रोम येथे तरुण कलावंतांना ठेवण्याची प्रथा सतराव्या शतकात घातली. तिला जोडलेली स्पर्धा १९६८ साली बंद झाली, परंतु रोमचा निवास आजही चालू आहे. यावरून दोहोंत टिकाऊ काय, ते समजावे. दोन महिन्यांत ‘प्रकल्प’ पुरा करून दाखवा अशी अट घालणाऱ्या आपल्याकडील निवासांनी याचा विचार करावा. शिवाय सासवणे आणि नागाव ही गावे मुंबईच्या समोर आहेत. मधे केवळ पाणी. बोर्ली राजपुरीच्या खाडीपलीकडे आहे. येथील मुलाने दोन महिने वाडी सोडली तर शिंपणे कोण करील, हा प्रश्न कोणत्याही अर्जात विचारलेला मी पाहिला नाही.

तेव्हा माझ्या सूचना साध्या आहेत. महाराष्ट्रात भरणाऱ्या प्रत्येक स्पर्धेने आणि कलानिवासाने मराठीतील निवेदन स्वीकारावे, आणि परीक्षकांपैकी एकास तरी ते वाचता यावे. पहिली निवड छायाचित्रांवरून झाली तरी चालेल. पण अखेरच्या निवडीपूर्वी मूळ चित्रे पाहावीत, आणि त्यासाठी वर्षातून एकदा परीक्षकांनी तालुक्याच्या गावी जावे. शाळेचे एखादे सभागृह त्यास पुरेल. नकार देताना चार ओळींत कारण कळवावे. हे शेवटचे कलम लोकांस अव्यवहार्य वाटेल; परंतु ज्यास कारण सांगता येत नाही त्याने निवड केली असे तरी कसे म्हणावे? मासिकाचा संपादकही पुष्कळ लेख परत करतो. त्यासोबत आलेल्या एखाद्या ओळीने माझ्या तरुणपणी मला जे शिकविले, ते छापून आलेल्या लेखांनी शिकविले नाही.

गणपतीत गावी गेलो तेव्हा त्या तरुणाने नवी चित्रे दाखविली. नकाराचा विषय त्याने काढला नाही. मीच म्हणालो, की तांबूस रंग सोडून पाहा आणि माणसे अद्याप काढू नकोस. त्याने दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या, आणि पहिली मान्य केली. दुसरीविषयी तो म्हणाला, “माणसे काढायला लागतीलच, सर. वाडी परत लावतंय कोण?” चार ओळींचे कारण कोणी कळविले असते तर हा संवाद एका माणसापुरता राहिला नसता. पुढील अर्जात तो आपले निवेदन स्वतः, मराठीत लिहिणार आहे. रकान्यात ते चालते की नाही, हे तेव्हा कळेल.