भव्यतेच्या नादात सुटलेले खेळ

बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या चहाटपऱ्यांवर संध्याकाळी व्हिडिओ गेमचा विषय निघाला की बोलणे ट्रेलरवरच येते. अमिताभ बच्चन आणि लेखक अमीश यांची नावे जोडलेल्या 'एज ऑफ भारत'ची घोषणा 2025 साली झाली आणि 'भारतीय ट्रिपल-ए'चा, म्हणजे प्रचंड खर्चाच्या भव्य खेळाचा, गजर पुन्हा सुरू झाला. न आलेल्या खेळावर तास तास वाद घालायचा आणि जे खेळ येऊन पडले आहेत ते डाउनलोडही करायचे नाहीत, याचा मला संताप येतो.

गाजलेल्यांचे आधी उरकतो. 26 जानेवारी 2021 चा मुहूर्त गाठणाऱ्या 'फौजी'त मुहूर्ताखेरीज लक्षात राहण्यासारखे काही नव्हते. पुण्याचा 'इंडस' पबजीच्या सावलीतून बाहेर पडलाच नाही. 'राजी' मात्र आदराने घ्यावा असा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 साली तो आणला. त्यातली भित्तिचित्रे आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा आजही सुंदर वाटते. पण देवांनी दिलेली शस्त्रे हाती घेतली की पुढची लढाई कुठल्याही परदेशी खेळातली असते. डोळ्यांना राजस्थान दिसते, बोटांना ते जाणवत नाही.

बोटांना जाणवणारा खेळ हवा असेल तर गुजरातमधल्या वापीजवळच्या चला या गावी जावे लागेल. स्टुडिओ ओलिओमिंगस, म्हणजे ध्रुव जानी आणि त्यांचे सहकारी, तिथून काम करतात. मीर उमरहसन नावाचा एक गुजराती लेखक त्यांनी कल्पिला आणि त्याच्या 'अनुवादित' कथांवर खेळ रचले. 2018 च्या 'अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स'मध्ये आधी एक गोष्ट वाचायची आणि मग दालनात शिरायचे. तिथे घरगुती वस्तू अवाढव्य होऊन उभ्या असतात. शत्रू नाही, गुण नाहीत, जिंकणे नाही. तरी पाय निघत नाही, कारण वाचलेली गोष्ट आणि समोरची वस्तू यांचा मेळ बसत नाही आणि तो बसवण्याचे काम आपल्यावर येऊन पडते. वसाहतीच्या काळात आपल्या वस्तू दुसऱ्यांनी मांडल्या, त्यांची वर्णनेही दुसऱ्यांनीच लिहिली. ही गोष्ट मी निबंधांत वाचली होती; अंगावर आली ती या दालनांत. 2020 चा 'द इंडिफरंट वंडर ऑफ अ‍ॅन एडिबल प्लेस' त्याहून धारदार आहे. त्याचा नायक नगरपालिकेने नेमलेला इमारत-भक्षक आहे. इमारत खायची म्हणजे तिची आठवणही खायची, आणि ते खाणे पुढे नेणारे क्लिक आपलेच असते. शहरे पाडण्यावर आपल्याकडे कविता झाल्या, नाटके झाली. पाडणाऱ्याच्या जागी वाचकाला बसवणे फक्त खेळालाच जमते.

गोव्यात अरमान संधू यांचे फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह आहे. त्यांचा 'रेनस्वेप्ट' (2019) परदेशी वळणाची खूनकथा होती, मला ती बेताचीच वाटली. पण 'फॉरगॉटन फील्ड्स' (2021) किनाऱ्यावर परतला. लिखाण अडलेला लेखक सिड आईने विकायला काढलेल्या घरी शेवटचा जातो. या खेळात घाई नाही. घाई नसलेला खेळ बनवायला धाडस लागते, आणि संधूंकडे ते आहे.

टोरोंटोत बनलेल्या, तमिळ स्वयंपाकावरच्या 'वेन्बा'ला (2023) बक्षिसे मिळाली, म्हणून तो दुर्लक्षित म्हणता येणार नाही. पण इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ फिरेल, हे कोडे ज्याने घातले त्याला आपली संस्कृती कुठे राहते ते नेमके कळले आहे. ती हाताच्या सवयीत राहते.

'पण पैसा नाही ना,' असे मला ऐकवले जाते, आणि तेही या शहरात! राजेश राव यांची ध्रुव इंटरॅक्टिव्ह बंगळुरात 1997 साली सुरू झाली, फोर्झासारख्या मोटारशर्यतींच्या खेळमालिकांसाठी तिने कला पुरवली, 2019 साली ती रॉकस्टारकडे गेली. दुसऱ्यांच्या मोटारी आणि भिंती रंगवण्यात हे शहर पिढीभर तरबेज झाले आहे. कसब भरपूर आहे. तुटवडा आहे तो आपली गल्ली पाहण्याजोगी आहे या विश्वासाचा. तो कोट्यवधी रुपयांनी येत नाही. संधू आणि जानी यांनी छोट्या कामांतून तो कमावला आहे.

मराठी माणसाला तर मी थेट विचारतो. बेलंदूर-मारतहळ्ळी पट्ट्यात कोड लिहिणारे आपले इतके लोक आहेत. त्यातल्या एकाला तरी मुंबईच्या लोकलच्या चौथ्या सीटचा खेळ का सुचू नये? अर्ध्या मांडीवर टेकण्यासाठी किती सरकायचे, कुणाच्या नजरेला नजर द्यायची, कुठल्या स्टेशनाला उठायचे, यात नियम आहेत, डावपेच आहेत, हार आहे. वाड्यात नळाला पाणी यायची वेळ आहे. पहाटे रंग उतरवणारा दशावतारी आहे. यांतल्या कशालाही महाकाव्य लागत नाही. आणि आपली दिवाळी अंक काढणारी मंडळी नाटकावर, चित्रपटावर पाने देतात, खेळाला एक स्तंभ देत नाहीत. मग तरुण मुलांनी ट्रेलरमधूनच रसिकता शिकली तर दोष कुणाला द्यायचा? संपादकांनी आधी हे खेळ खेळावेत. 'म्युझियम'पासून सुरुवात करावी, तो एका बैठकीत संपतो, आणि त्याच्यावर लिहायला मी तयार आहे.